सायकलस्वाराची पाण्याची बाटली : सोय, सुरक्षितता आणि नियमन

सायकल चालविण्याच्या सवयीला देशात पुन्हा प्रोत्साहन मिळू लागले आहे. केंद्रीय क्रीडामंत्री डॉ. मनसुख मांडविया यांनी १७ डिसेंबर २०२४ रोजी नवी दिल्लीत 'फिट इंडिया' सायकल मोहिमेचा आरंभ केला आणि पुढे ही मोहीम रविवारच्या सायकल फेऱ्यांच्या रूपाने अनेक शहरांत पोहोचली. योगायोगाने त्याच आठवड्यात, १९ डिसेंबर २०२४ रोजी, युरोपीय आयोगाने अन्न व पाण्याच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंमध्ये बिस्फेनॉल ए, म्हणजेच बीपीए, हे रसायन वापरण्यावर बंदी घालणारा नियम संमत केला. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. तथापि सायकलच्या दांडीवर अडकविलेल्या पाण्याच्या बाटलीपाशी त्या एकत्र येतात. सायकलस्वाराने पाणी कशात न्यावे, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न आरोग्य, पर्यावरण आणि ग्राहकहित या तिन्ही अंगांनी विचारात घेण्याजोगा झाला आहे.

भारतात हा प्रश्न केवळ हौशी सायकलपटूंचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे निम्म्या कुटुंबांकडे सायकल आहे. पश्चिम बंगाल, उत्तर प्रदेश आणि ओडिशा ही राज्ये यात आघाडीवर आहेत. या सायकलींवरून प्रामुख्याने कामगार, शेतमजूर, फेरीवाले आणि शाळकरी मुले प्रवास करतात. राजस्थानात फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस आणि चुरू येथे २८ मे २०२४ रोजी ५०.५ अंश तापमान नोंदविले गेले. अशा उन्हाळ्यात बरोबर पुरेसे पाणी असणे ही चैन नव्हे, तर जीविताशी निगडित गरज आहे.

छागल ते बिडॉन

प्रवासात पाणी बरोबर नेण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. महाराष्ट्रात प्रवासाला निघताना फिरकीचा तांब्या सोबत असे. राजस्थानपासून विदर्भापर्यंत जाड कापडाची छागल गाडीला वा सायकलला टांगलेली दिसे. छागलीच्या कापडातून झिरपणारे पाणी वाऱ्याने उडून जाते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते. त्यामुळे आतील पाणी गार राहते. आजही अनेक कामगार बाटलीला ओले फडके गुंडाळतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

शर्यतीच्या सायकलींवर प्रारंभी धातूच्या बाटल्या असत. पुढे त्यांची जागा मऊ प्लास्टिकच्या बाटल्यांनी घेतली. फ्रेंच भाषेतून आलेल्या 'बिडॉन' या नावाने त्या जगभर ओळखल्या जातात. एका हाताने दाबली की पाण्याची धार तोंडात येते, दुसरा हात हँडलवर राहतो आणि नजर रस्त्यावरून हलत नाही. हा गुण सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. फिरकीचे झाकण दोन्ही हातांनी उघडावे लागणारी बाटली वाहत्या रस्त्यावर अपघातास निमंत्रण देऊ शकते.

या बाटलीचा दुसरा पैलू कचऱ्याचा. शर्यतींमध्ये रिकाम्या बाटल्या रस्त्याच्या कडेला फेकण्याची प्रथा होती. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने १ एप्रिल २०२१ पासून ठरवून दिलेल्या टप्प्यांबाहेर बाटली टाकण्यास मनाई केली. त्यानंतर काही दिवसांतच बेल्जियममधील 'टूर ऑफ फ्लँडर्स' शर्यतीत स्विस सायकलपटू मिखाएल शेर यांनी प्रेक्षकांकडे बाटली टाकली आणि त्यांना शर्यतीतून बाद करण्यात आले. बालपणी शर्यत पाहताना आपल्याला अशीच एक बाटली मिळाली होती आणि त्यातूनच सायकलची ओढ लागली, असे त्यांनी नंतर जाहीरपणे सांगितले. या घटनेवर बराच वाद झाला आणि पुढे शिक्षेचे स्वरूप सौम्य करण्यात आले.

भारतात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत पाण्याच्या बाटल्यांचा समावेश नव्हता. बंद बाटलीतील पाणी विकत घेऊन तीच बाटली महिनोन्महिने वापरण्याची सवय आपल्याकडे सर्वदूर आहे. पुन:पुन्हा वापरता येणाऱ्या टिकाऊ बाटलीची चर्चा या पार्श्वभूमीवर करावी लागते.

बीपीएचा धडा

पॉलिकार्बोनेट हे कठीण, काचेसारखे पारदर्शक प्लास्टिक तयार करण्यासाठी बीपीए वापरतात. धातूच्या डब्यांना व बाटल्यांना आतून देण्यात येणाऱ्या इपॉक्सी लेपातही ते असते. शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी त्याचे वर्तन काही अंशी मिळतेजुळते असल्याने त्याविषयी शंका घेतली जाऊ लागली. २००८ मध्ये कॅनडाने शिशूंच्या पॉलिकार्बोनेट बाटल्यांविरुद्ध पाऊल उचलले. त्याच वर्षी नॅल्जीन या अमेरिकी कंपनीने आपल्या बाटल्यांसाठी पॉलिकार्बोनेटचा वापर थांबविण्याचा निर्णय घेतला. युरोपीय संघाने २०११ मध्ये शिशूंच्या बाटल्यांत बीपीए वापरण्यास मनाई केली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये अशा बाटल्यांसाठीची परवानगी रद्द केली. भारतीय मानक ब्युरोनेही शिशूंच्या दुधाच्या बाटल्यांसाठीच्या २०१५ च्या मानकात या रसायनाला मज्जाव केला.

धातूची बाटली घेतली म्हणजे चिंता मिटली, हा समजही याच काळात खोटा ठरला. ॲल्युमिनियमच्या बाटल्या तयार करणाऱ्या सिग या स्विस कंपनीने ऑगस्ट २००९ मध्ये मान्य केले की, ऑगस्ट २००८ पूर्वीच्या तिच्या बाटल्यांच्या आतील लेपात अल्प प्रमाणात बीपीए होते. प्लास्टिकला पर्याय म्हणून याच बाटल्या विकत घेतलेल्या ग्राहकांचा त्यामुळे भ्रमनिरास झाला. बाटली बाहेरून कशाची आहे यापेक्षा पाण्याला तिचा कोणता भाग स्पर्श करतो, हे महत्त्वाचे असते, असा या प्रकरणाचा अर्थ आहे.

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने एप्रिल २०२३ मध्ये बीपीएच्या सुसह्य दैनंदिन मात्रेचे मूल्य प्रतिकिलो शरीरवजनामागे ०.२ नॅनोग्रॅम इतके खाली आणले. २०१५ च्या तात्पुरत्या मर्यादेच्या तुलनेत ते वीस हजार पटींनी कमी आहे. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने या निष्कर्षाच्या पद्धतीशी असहमती नोंदविली, हेही लक्षात ठेवले पाहिजे. डिसेंबर २०२४ च्या युरोपीय नियमाने आपली कक्षा शिशूंच्या वस्तूंपलीकडे नेली असून अन्य घातक बिस्फेनॉलही त्यात अंतर्भूत केली आहेत. बहुतेक वस्तूंसाठी उद्योगांना १८ महिन्यांची, म्हणजे २० जुलै २०२६ पर्यंतची, मुदत त्यात दिलेली आहे.

इतर बिस्फेनॉलांचा समावेश होण्यास कारण आहे. बीपीए वगळल्यावर काही उत्पादकांनी त्याचेच रासायनिक भाईबंद, उदाहरणार्थ बिस्फेनॉल एस, वापरात आणले. प्रयोगशाळेतील अभ्यासांत त्यांचेही संप्रेरकांसारखे परिणाम दिसून आले. त्यामुळे 'बीपीएमुक्त' हे शब्द एका विशिष्ट रसायनाची अनुपस्थिती सांगतात, संपूर्ण सुरक्षिततेची ग्वाही देत नाहीत. शिवाय सायकलची मऊ बाटली बहुधा कमी घनतेच्या पॉलिथिनची वा पॉलिप्रॉपिलिनची असते. या प्लास्टिकांच्या निर्मितीत बीपीएची आवश्यकताच नसते. तेथे ही जाहिरात करणे म्हणजे ताकात तेल नाही असे सांगून ताक विकण्यासारखे आहे.

मऊ प्लास्टिक आणि कोपनहेगनचा अभ्यास

मऊ प्लास्टिकही पूर्णपणे निष्क्रिय नाही, याकडे कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ च्या आरंभी लक्ष वेधले. सायकलस्वार व खेळाडू वापरतात तशा बाटल्यांमध्ये त्यांनी २४ तास नळाचे पाणी ठेवले. त्या पाण्यात प्लास्टिकपासून आलेले चारशेहून अधिक पदार्थ आढळले. बाटल्या भांडी धुण्याच्या यंत्रातून काढल्यानंतर मात्र धुण्याच्या साबणापासून आलेले पदार्थ साडेतीन हजारांवर गेले आणि नळाच्या पाण्याने विसळूनही त्यांपैकी काही पाण्यात उतरत राहिले. यांतील बहुसंख्य पदार्थांची ओळखच पटली नाही. एखादा पदार्थ सापडणे आणि तो त्या प्रमाणात अपायकारक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या अभ्यासाने घबराट पसरविण्याचे कारण नाही. परंतु दोन व्यवहार्य निष्कर्ष त्यातून निघतात : मऊ प्लास्टिकची बाटली यंत्रात धुण्यापेक्षा हाताने धुवावी, आणि तीत पाणी दिवसेंदिवस साठवून ठेवू नये.

बंद पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक, म्हणजे पेट, एकदाच वापरण्यासाठी घडविलेले असते. ते पातळ असते, लवकर चुरगळते आणि अरुंद तोंडामुळे आतून नीट घासता येत नाही. त्याच्या निर्मितीत अँटिमनी हे मूलद्रव्य वापरतात. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या २००८ च्या अभ्यासानुसार, पाण्यातील अँटिमनीने तेथील कायदेशीर मर्यादा ओलांडण्यास ६० अंश सेल्सिअस तापमानात १७६ दिवस लागतील, ७० अंशांत १२ दिवस आणि ८० अंशांत अवघे २.३ दिवस. फिरत्या सायकलवरील पाणी एवढे तापत नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत, पत्र्याच्या शेडखाली वा मालवाहू वाहनात राहिलेल्या बाटल्यांची गोष्ट वेगळी. उष्णता आणि कालावधी हे दोन घटक एकत्र आले की धोका वाढतो, हे सूत्र सर्वच प्लास्टिकांना लागू पडते.

बाटलीच्या तळाशी त्रिकोणात छापलेला अंक प्लास्टिकचा प्रकार दर्शवितो. १ म्हणजे पेट, २ जास्त घनतेचे पॉलिथिन, ४ कमी घनतेचे पॉलिथिन आणि ५ पॉलिप्रॉपिलिन. ७ या अंकाखाली इतर सर्व प्लास्टिके येतात. पॉलिकार्बोनेटही त्यात आहे आणि बीपीएशिवाय तयार होणारे ट्रायटनही त्यातच आहे. हा अंक पुनर्चक्रणाच्या सोयीसाठी आहे, सुरक्षिततेचे प्रमाणपत्र म्हणून नव्हे. तरीही अंक नाही, उत्पादकाचे नाव नाही आणि उग्र वास येतो, अशी बाटली टाळणेच श्रेयस्कर.

धातूच्या बाटल्या आणि भारतीय मानक

स्टेनलेस स्टीलची बाटली टिकाऊपणात सर्वांत सरस ठरते. ३०४ या प्रतीच्या स्टीलमध्ये साधारणपणे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते आणि त्याला आतून लेपाची गरज भासत नाही. स्वस्त बाटल्यांमध्ये निकेल कमी व मँगनीज अधिक असलेले २०१ प्रतीचे स्टील वापरले जाण्याची शक्यता असते. मीठ-लिंबाच्या पाण्याने ते लवकर डागाळते व गंजते. उत्तम प्रतीच्या स्टीलमध्येही क्षारयुक्त पेय रात्रभर ठेवणे इष्ट नाही.

निर्वात थर असलेल्या बाटल्या पाणी तासन्तास गार ठेवतात. त्यांच्या तळाच्या मोहरबंदीसाठी शिसे वापरले जात असल्याची चर्चा जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत झाली. तेथील एका मोठ्या कंपनीने ते मान्य केले, मात्र हा भाग पोलादी चकतीने झाकलेला असून पाण्याच्या वा हाताच्या संपर्कात येत नाही, असे स्पष्टीकरण दिले. तळाची चकती निखळलेली बाटली वापरातून काढून टाकावी, एवढा बोध यातून घ्यावयाचा.

तांब्याच्या बाटल्यांना भारतात अलीकडे मोठी मागणी आहे. साध्या पाण्यासाठी त्या चालतात. तथापि लिंबू सरबत, ताक, कोकम सरबत यांसारखी आंबट पेये तांब्यात विरघळलेल्या धातूचे प्रमाण वाढवतात आणि मळमळ, उलटी यांसारखे त्रास उद्भवू शकतात. पिण्याच्या पाण्यात तांब्याचे प्रमाण लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य आहे. ताक कल्हई न केलेल्या भांड्यात ठेवू नये, हा घराघरांतील जुना दंडक या शास्त्रीय निष्कर्षाशी सुसंगतच आहे. उन्हात सायकल चालविताना मीठ-साखर-लिंबाचे पाणी बरोबर न्यावयाचे असल्यास तांबे योग्य नाही.

नियमनाच्या बाबतीत २०२३ मध्ये एक महत्त्वाचे पाऊल पडले. केंद्राच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाने पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश जारी केला. तांबे, स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम यांच्या बाटल्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह त्यामुळे अनिवार्य ठरले. चिन्हाखाली छापलेला परवाना क्रमांक खरा आहे की नाही, हे ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर पाहता येते. मात्र या आदेशाचा रोख धातूवर आहे. सायकलस्वार सर्वाधिक वापरतात ती मऊ प्लास्टिकची बाटली त्याच्या कक्षेबाहेर राहते. मोठ्या दुकानातून नामांकित उत्पादन घेणाऱ्याला निदान लेबल वाचावयास मिळते. आठवडे बाजारात वा पदपथावर खरेदी करणाऱ्या मजुराच्या हाती बहुधा बिननावाची वस्तू पडते. सुरक्षिततेचे निकष त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत, ही या व्यवस्थेतील खरी उणीव आहे.

रस्त्यावरचा चिखल, तोटीतील बुरशी

रसायनांच्या चर्चेत जंतूंचा प्रश्न मागे पडतो, वास्तविक तो अधिक निकडीचा आहे. जुलै २००८ मध्ये वेल्समधील बिल्थ वेल्स येथे पावसात झालेल्या डोंगरी सायकल शर्यतीनंतर दीडशेहून अधिक स्पर्धकांना पोटाचे विकार झाले. काहींच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू आढळला. मेंढ्यांच्या विष्ठेने दूषित झालेला चिखल तोंडात गेल्याने ही बाधा झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. भारतातील पावसाळी रस्ते, त्यावरील शेण व सांडपाणी लक्षात घेता हा इशारा आपल्यालाही लागू पडतो. सायकलच्या खालच्या दांडीवरील बाटली चाकाने उडविलेल्या चिखलाच्या थेट माऱ्यात असते. तोटीवर टोपण असलेली बाटली आणि चाकांवर मडगार्ड, हे त्यावरील साधे उपाय होत.

दुसरा धोका तोटीच्या झडपेत व रबरी वॉशरखाली साचणाऱ्या बुरशीचा. साखरयुक्त पेयांमुळे ती झपाट्याने वाढते. म्हणूनच जिचे सर्व भाग सुटे करता येतात आणि जिच्या रुंद तोंडातून ब्रश आत जातो, तीच बाटली घ्यावी. रोज कोमट पाणी व साबणाने धुऊन, झाकण उघडे ठेवून ती वाळवावी. आतून ओरखडे पडलेली, घासूनही वास न जाणारी वा गढूळ झालेली प्लास्टिकची बाटली बदलावी.

निवड कशी करावी?

या सर्व मुद्द्यांचा मेळ घातल्यास निवड फारशी अवघड राहत नाही. दररोज तासाभराचा प्रवास करणाऱ्यास किंवा रविवारी लांब फेरीला जाणाऱ्यास पॉलिप्रॉपिलिन वा कमी घनतेच्या पॉलिथिनची, ५०० ते ७५० मिलिलिटरची, टोपण असलेली बाटली पुरेशी आहे. तीत फक्त ताजे पाणी भरावे, गरम पेय कधीही भरू नये. गार पाणी हवे असल्यास रात्री बाटली अर्धी भरून गोठवावी आणि सकाळी उरलेली भरावी. पाणी गोठताना प्रसरण पावते, म्हणून काठोकाठ भरलेली बाटली फुटण्याची भीती असते.

कामाच्या ठिकाणी दिवसभर पाणी ठेवावयाचे असल्यास स्टीलची बाटली उत्तम. ती वजनाने जड असते आणि दाबून पिता येत नाही, म्हणून थांबून पिण्याची सवय ठेवावी. सायकलच्या बॉटल केजमध्ये साधारणपणे ७४ मिलिमीटर व्यासाची बाटली बसते. खरेदीपूर्वी हे माप पाहणे अगत्याचे आहे. सैल बसलेली जड बाटली खड्ड्यात उसळून मागून येणाऱ्याच्या चाकाखाली जाऊ शकते. काळ्या पारंपरिक सायकलींना केज बसविण्याची छिद्रे बहुधा नसतात. हँडलला पट्ट्याने बांधावयाची स्वतंत्र केज त्यासाठी मिळते. हँडलला पिशवी लोंबकळत ठेवणे मात्र धोक्याचे, कारण ती पुढील चाकात अडकू शकते.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. बाटलीतील रसायनांचा संभाव्य परिणाम दीर्घकालीन आणि अद्याप वादाचा विषय आहे. कडक उन्हात पाणी न पिण्याचा परिणाम तासाभरात दिसतो. उत्तम बाटली नाही म्हणून पाण्याशिवाय निघणे, किंवा वास येतो म्हणून कमी पिणे, हे अधिक घातक आहे.

पाणी भरावयाचे कोठे?

'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत २०१७ मध्ये एकट्याने पूर्ण करणाऱ्या भारतीयांत नागपूरचे डॉ. अमित समर्थ होते. अशा शर्यतीत स्पर्धकामागे वाहन असते आणि हाती भरलेली बाटली देणारे पथक असते. बांधकामावर निघालेल्या मजुरामागे किंवा शाळेला निघालेल्या मुलीमागे असे पथक नसते. त्यांच्यासाठी रस्त्यावर स्वच्छ पाण्याची सोय हाच आधार.

पुन:पुन्हा वापरावयाची बाटली तेव्हाच उपयोगी, जेव्हा ती पुन:पुन्हा भरता येते. अन्यथा रिकामी बाटली असूनही बंद बाटली विकत घ्यावी लागते. त्या पाण्याचीही शुद्धता आता निर्विवाद राहिलेली नाही. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांना जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बंद बाटलीतील पाण्याच्या लिटरमागे सरासरी दोन लाख चाळीस हजार सूक्ष्म प्लास्टिक कण आढळले.

त्यामुळे शासनापुढील काम दुहेरी आहे. प्लास्टिकच्या टिकाऊ बाटल्यांवर घटक पदार्थ, उत्पादकाचे नाव व वापराचे तापमान नमूद करणे सक्तीचे झाले, तर बिननावाच्या मालाला आळा बसेल. दुसरीकडे सायकल मार्ग आखताना, शाळा, बसस्थानके व कामगार वस्त्या यांच्यापाशी नियमित तपासणी होणाऱ्या पाणपोया उभारणे हे नगरपालिका व ग्रामपंचायतींच्या आवाक्यातील काम आहे. वैशाखात वाटसरूसाठी पाणपोई घालणे आपल्याकडे पुण्यकर्म मानले जाते. सायकलला उत्तेजन देणाऱ्या धोरणात तिला कायमचे स्थान मिळाले, तर चांगल्या बाटलीवर केलेला खर्च सार्थकी लागेल.